फ्लॉरेन्स चार तासांत उरकू नका

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत सध्या उन्हाळी युरोप सहलींचे कार्यक्रम छापून येत आहेत. गेले दोन रविवार मी ते पेन्सिल हातात घेऊन वाचले. फ्लॉरेन्स बहुतेक सगळ्या कार्यक्रमांत आहे आणि बहुतेक ठिकाणी एकाच ओळीत आहे: सकाळी पिसाचा कलता मनोरा, दुपारी फ्लॉरेन्सची पायी सैर, संध्याकाळी रोमकडे प्रयाण. त्या एका ओळीबद्दल हे पत्र आहे. लांबलं आहे, तरी जमेल तितकं छापावं ही विनंती.

मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवली, फळ्यावर खडूने आडवी रेघ मारून ‘ही क्षितिजरेषा, हा व्हॅनिशिंग पॉइंट, सगळ्या रेषा इथे येऊन मिळणार’ हे किती वेळा सांगितलं त्याची गणती नाही. निवृत्तीनंतर फंडातले पैसे मोडून पहिल्यांदा युरोपला गेले ती अशाच एका सहलीतून. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कार्यक्रम सगळ्यांचे सारखेच असतात. आम्ही फ्लॉरेन्सला पोचलो तो वार सोमवार होता. सोमवारी उफिझी हे तिथलं मोठं चित्रसंग्रहालय बंद असतं आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा ज्या अकादेमिया संग्रहालयात आहे तेही बंद असतं. आखणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पैसे भरताना आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

बस गावाबाहेर थांबली. तिथून झेंड्यामागे चालत कॅथीड्रल, बाहेरून फोटो. मग पियात्सा देल्ला सिन्योरिया हा चौक. तिथे उघड्यावर जो डेव्हिड उभा आहे ती १९१० साली बसवलेली प्रतिकृती आहे. मूळ पुतळा १८७३ सालीच अकादेमियात हलवला. हे आम्हाला घाईत सांगितलं गेलं की नाही, मला आठवत नाही, पण गटातल्या कितीतरी जणांनी घरी फोन करून ‘डेव्हिड पाहिला’ असं आनंदाने सांगितलेलं मी ऐकलं. त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्यानंतर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात चाळीस मिनिटं. शेवटी टेकडीवरच्या पियात्साले मिकेलांजेलोवरून शहराचा फोटो. सगळे मिळून चार तास. बस हमरस्त्याला लागली तेव्हा घुमट मागे लहान लहान होत गेला आणि माझ्या पोटात कालवलं. मी फळ्यावर शिकवत आले ती व्हॅनिशिंग पॉइंटची रीत ज्या शहरात जन्मली, त्या शहराचा उंबराही मी ओलांडला नव्हता.

तीन वर्षांनी पुन्हा गेले. या वेळी भाचीला बरोबर घेतलं आणि आर्नो नदीपलीकडच्या वस्तीत, जिला तिथे ओल्त्रार्नो म्हणतात, एक खोली घेऊन पाच रात्री राहिले.

रेल्वे स्टेशनचं नाव सांता मारिया नोव्हेला, आणि त्या नावाचं चर्च स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच. आत डाव्या भिंतीवर मासाच्चो या चित्रकाराचं ‘ट्रिनिटी’ आहे. साधारण १४२५ ते १४२७ च्या दरम्यान ओल्या गिलाव्यावर काढलेलं भित्तिचित्र. क्रूसावरचा येशू, त्याला मागून आधार देणारा पिता, बाजूला मेरी आणि जॉन, बाहेर गुडघे टेकून बसलेलं दाता जोडपं. या सगळ्यांच्या मागे एक कमानदार छताची खोली आहे. ती खोली नाहीच, सपाट भिंत आहे. पण छताच्या चौकटी अशा लहान होत आत जातात की वासारी या चरित्रकाराने सोळाव्या शतकात लिहून ठेवलं, भिंतीला भोक पडल्यासारखं वाटतं. मी क्रूसाच्या पायथ्याकडे पाहत हळूहळू मागे सरकले. छताच्या सगळ्या रेषा त्या पायथ्याच्या आसपास, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, येऊन मिळतात. म्हणजे चित्रकाराने बिंदू धरला तो माझ्या डोळ्यांसाठी, भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या कुणाही साध्या माणसाच्या डोळ्यांसाठी.

माझ्याकडे छोटी दुर्बीण होती. तिच्यातून मेरीचा चेहरा पाहिला आणि हात थरथरायला लागला. चेहऱ्यावरून बारीक रेघांच्या चौकटी गेल्या आहेत, ओल्या गिलाव्यात ओरखडून काढलेल्या. लहान चित्र मोठं करताना आम्ही मुलांना चौकटी पाडायला लावतो ना, अगदी तीच रीत. वास्तूच्या रेषांसाठी दोरा ताणून गिलाव्यात उमटवल्याच्या खुणाही आहेत, गवंडी आणि सुतार सूत धरतात तसं. सहाशे वर्षांपूर्वी पंचविशीतल्या एका मुलाने ज्या रीतीने हे केलं, ती मी खडूची भुकटी अंगावर घेत शिकवत होते आणि ती कुठून आली ते मला कधी कुणी दाखवलं नव्हतं. मासाच्चो १४२८ साली वारला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचाही नसावा. चित्राच्या खाली दगडी पेटीवर एक सांगाडा रंगवला आहे. त्याच्यावर लिहिलंय त्याचा अर्थ असा: तुम्ही आहात तसा मी होतो, मी आहे तसे तुम्ही व्हाल. पुढे वासारीनेच या चित्रापुढे वेदी उभारली आणि जवळजवळ तीनशे वर्षं ते तिच्यामागे झाकलेलं राहिलं. तिथे आम्ही सव्वा तास होतो. भाची मध्येच बाकावर जाऊन बसली, पण कंटाळली नाही. नंतर तिने मला तो बिंदू बोटाने बरोबर दाखवला.

त्याच दिवशी दुपारी कॅथीड्रलच्या मधल्या दारापाशी जाऊन उभी राहिले. समोर अष्टकोनी बाप्तिस्तेरी, म्हणजे बाप्तिस्म्याची इमारत आहे. घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीने याच दारातून तिचं चित्र एका फळीवर काढलं, फळीला भोक पाडलं, मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर आरसा धरून त्यात चित्राचं प्रतिबिंब पाहायचं, असा प्रयोग केला होता. आरसा बाजूला केला की खरी इमारत, आरसा धरला की चित्रातली, आणि दोन्ही एकमेकांवर बसत. ती फळी आज उरलेली नाही. जागा मात्र आहे, आणि तिथे उभं राहायला तिकीट लागत नाही. आमचा गट याच दारासमोरून गेला होता. दोन मिनिटं थांबून हे एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं!

कॅथीड्रलच्या घुमटाबद्दल लिहायला बसले तर थांबणं कठीण आहे. चर्चचं काम १२९६ साली सुरू झालं आणि शंभर वर्षांहून जास्त काळ मधोमध प्रचंड भगदाड तसंच राहिलं, कारण साधारण ४५ मीटरचं ते तोंड झाकायचं कसं हे कुणालाच उमगत नव्हतं. एवढ्या रुंदीला खालून लाकडाचा सांगाडा उभारायचा म्हणजे लाकूड कुठून आणणार? १४१८ साली स्पर्धा लागली. ब्रुनेलेस्की मूळचा सोनार. त्याने खालून आधार न घेता, एकात एक असे दोन घुमट वर चढवत नेले. १४२० ते १४३६, सोळा वर्षं. चाळीस लाखांवर विटा. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि तारीख-वेळ ठरवून आधी आरक्षण करावं लागतं. माझे गुडघे बरे नाहीत. मी थांबत थांबत पन्नास मिनिटांत चढले आणि मागून येणाऱ्यांना वाट देत राहिले, कुणी कुरकुर केली नाही. दोन घुमटांच्या मधल्या बोळातून जाताना भिंत अंगावर कलते आणि विटांची रचना हाताशी येते. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतराने उभ्या विटा, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या वर चढत गेलेल्या. चुना वाळेपर्यंत कलती वीट घसरू नये म्हणून त्या उभ्या विटा तिला धरून ठेवत. मी हात लावला नाही, लावू नये. नुसती जवळ उभी राहून पाहत राहिले.

खाली बाप्तिस्तेरीची सोनेरी दारं आहेत, तिथे गर्दी कायमचीच. ती प्रतिकृती आहे. गिबेर्ती या शिल्पकाराने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षं खपून घडवलेलं मूळ दार कॅथीड्रलच्या मागच्या संग्रहालयात आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा तिथे शांतता होती. बाप्तिस्तेरीच्या दारासाठी १४०१ साली झालेल्या स्पर्धेत गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की या दोघांनी एकाच प्रसंगाचे केलेले कांस्यपट बार्जेल्लो संग्रहालयात शेजारी शेजारी लावले आहेत. चित्रकलेच्या कुठल्याही विद्यार्थ्याने तिथे अर्धा तास काढावा आणि निकाल आपला आपण ठरवावा. माझं मत ब्रुनेलेस्कीला आहे.

डेव्हिडबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडंच लिहिते. ५.१७ मीटर उंची. दगड आधी दुसऱ्यांनी छाटून टाकून दिलेला होता आणि अनेक वर्षं तसाच पडून होता. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ या काळात त्यातून हा काढला. पण मला त्याच दालनात, त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर दुतर्फा उभे असलेले त्याचेच अर्धवट घडवलेले ‘कैदी’ हे पुतळे जास्त दिसले. दगडात अडकलेले. त्यांच्या अंगावर दातेरी छिन्नीच्या रेघा जशाच्या तशा आहेत, समांतर, वळणाबरोबर वळणाऱ्या, पेन्सिलीने छाया भरताना हात जसा फिरतो तशाच. लोक डेव्हिडकडे जाण्याच्या घाईत त्यांना ओलांडून जातात.

उफिझीत एक पूर्ण दिवस गेला. तिथली यादी देत नाही.

सान मार्कोचा मठ सकाळीच पाहून घ्यावा. जिना चढताना वळणावर मान वर केली की समोर फ्रा अँजेलिको या साधू-चित्रकाराचं देवदूत आणि मेरीचं चित्र येतं. त्याच्याखाली ओळ लिहिली आहे की इथून जाताना प्रार्थना म्हणायला विसरू नका. पुढे साधूंच्या खोल्या, प्रत्येक खोलीत एक खिडकी आणि भिंतीवर एक चित्र. ही चित्रं लोकांना दाखवण्यासाठी नव्हती, एका खोलीत एकट्याने आयुष्य काढणाऱ्या माणसासाठी होती. मी प्रत्येक दाराशी थांबले.

आणखी एक जागा, जी कुठल्याच कार्यक्रमात मला सापडली नाही. अनाथ मुलांसाठी बांधलेलं इन्नोचेंती. १४१९ साली ब्रुनेलेस्कीनेच आराखडा केला. बाहेरच्या कमानींवर निळ्या गोलात बाळं आहेत, दुपट्यात गुंडाळलेली, आंद्रेया देल्ला रोब्बिया या शिल्पकाराची. पहिलं बाळ इथे ५ फेब्रुवारी १४४५ रोजी आलं, मुलगी होती, नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. आत संग्रहालयात लहान लहान खण आहेत. त्यांत बाळाबरोबर ठेवलेल्या खुणेच्या वस्तू जपल्या आहेत: अर्ध्यात कापलेलं पदक, मणी, कापडाचा तुकडा. उरलेला अर्धा आई जवळ ठेवायची, पुढेमागे परत न्यायला आली तर ओळख पटावी म्हणून. मी एक खण उघडला, त्यातलं पदक अंगठ्याच्या नखाएवढं होतं. भाचीने माझा हात धरला. पुढचे खण उघडायला आम्हाला जरा वेळ लागला.

आर्नोच्या पुराच्या खुणांसाठीही एक सकाळ ठेवा. सांता क्रोचे चर्चपासून जवळच व्हिया सान रेमिजियो नावाच्या बोळाच्या तोंडाशी भिंतीवर दोन पाट्या आहेत, मान मोडेस्तोवर वर. एक १३३३ सालच्या पुराची, तिच्यावर पाण्याच्या रेघेकडे बोट दाखवणारा हात कोरला आहे. दुसरी १९६६ ची, तिच्याहूनही थोडी वर. दोन्ही पूर ४ नोव्हेंबरचे. पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला अशी रेघ कशी वाचायची ते सांगावं लागत नाही. १९६६ च्या पुरात सांता क्रोचेतल्या, चिमाबुए या जुन्या चित्रकाराने रंगवलेल्या क्रूसावरचा बहुतांश रंग वाहून गेला. तो क्रूस आता पुन्हा टांगला आहे, रंग गेलेल्या जागा तशा दिसतील अशा ठेवून. त्या वेळी देशोदेशीची तरुण मुलं येऊन चिखलातून पुस्तकं आणि चित्रं काढत होती. फ्लॉरेन्सचे लोक त्यांना अजून ‘चिखलातले देवदूत’ म्हणतात.

खाण्याची अडचण होईल म्हणून पुष्कळजण एकट्याने जायला घाबरतात. आम्ही दोघी शाकाहारी. पाव, घेवडा आणि पालेभाजी शिजवून केलेलं रिबोलिता नावाचं दाट सूप जवळपास रोज खाल्लं, आधी विचारून घेतलं की मांसाचा रस घातलेला नाही ना. तिथला पाव मिठाशिवाय असतो, पहिल्या दिवशी तो फिका लागतो, तिसऱ्या दिवशी आवडायला लागतो. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यावी, बसलं की पैसे वाढतात. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, त्यामुळे सलवार-कमीज आणि साडीला कुठेच अडवलं गेलं नाही.

आता शेवटचं, आणि या पत्राचं खरं निमित्त. मी कोल्हापूरची आहे. शेवटच्या दिवशी सकाळी कासिने बागेच्या पार टोकाला गेलो. बाग नदीकाठाने तीन किलोमीटरहून जास्त लांब आहे, त्यामुळे ट्रामने काही अंतर आणि पुढे पायी. शेवटी जिथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते, तिथे एक छत्री आहे आणि छत्रीखाली आमच्या कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा (दुसरे) अर्धपुतळा आहे. १८७० साली ते इंग्लंडला गेले होते, रोजनिशी लिहीत होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे रीत नव्हती, पण खास परवानगी मिळाली आणि दोन नद्यांचा संगम शोधून तिथे अग्नी दिला. चार वर्षांनी स्मारक झालं. छत्रीचा आराखडा मेजर मँट या इंग्रज स्थापत्यकाराचा, ज्यांनी पुढे आमच्या नव्या राजवाड्याचाही आराखडा केला. पायथ्याला चार भाषांतले लेख आहेत. जवळच्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘इंदियानो’ याच नावाने ओळखतात. सायकलवरून जाणाऱ्या एका आजोबांना मी विचारलं, तर त्यांनी ‘इंदियानो’ म्हणत हाताने दिशा दाखवली आणि माझ्या साडीकडे पाहून मान लववली.

महाराष्ट्रातून वर्षाला कितीतरी बसेस या शहरात येतात. सहल कंपन्यांना माझी विनंती आहे की फ्लॉरेन्सला निदान दोन मुक्काम द्यावेत, सोमवार टाळावा, चामड्याच्या दुकानाची चाळीस मिनिटं सांता मारिया नोव्हेलाला द्यावीत आणि एका सकाळी बस कासिनेच्या टोकापर्यंत न्यावी. जे स्वतः जाणार असतील त्यांनी जाताना एखादी लहान दुर्बीण जरूर न्यावी.

आम्ही गेलो त्या दिवशी छत्रीच्या पायरीवर चिनाराची वाळलेली पानं साचली होती. भाचीने ती हाताने बाजूला केली. मी पिशवीतून वही काढून पुतळ्याचं पेन्सिल रेखाटन केलं, आणि खाली महाराजांचं नाव आणि तारीख मराठीत लिहिली.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, कोल्हापूर